चढवायला चौघे

“डावीकडे घ्या, डावीकडे! भिंतीला घासतेय!”

इमारतीचा पहारेकरी आणि तीन ड्रायव्हर, अशा चौघांनी खुर्ची उचलली होती आणि पाचवा सूचना देत होता. चाकांच्या खुर्चीत सात वर्षांचा अलीनूर खुशीत बसला होता. मागून त्याची आई मीरिम दोन्ही हात पसरून चढत होती. खुर्ची निसटलीच असती तर त्या हातांनी काही थांबलं नसतं, हे तिलाही कळत होतं. तरी हात खाली येईनात. ती पायऱ्या मोजत होती. एकोणतीस. तीस.

“अशर म्हणतात याला, पोरी, अशर!” पहारेकरी कुबात धापा टाकत म्हणाला. “अख्खा गाव मिळून घर उभं करतो आपण. एक खुर्ची काय चीज आहे?”

बेचाळिसावी पायरी संपली. शहराची सुगमता सल्लागार समिती तिसऱ्या मजल्यावर बसते. चाकांच्या खुर्चीतल्या माणसांच्या अडचणी एवढ्या उंचावरून स्वच्छ दिसत असाव्यात.

आत टाळ्या पडल्या. चिटणीस सिर्गा एजेनं, तिथल्या सगळ्यांच्या ताईनं, अलीनूरच्या हातात तळलेला गरम बोरसोक ठेवला. कुबात आणि तिन्ही ड्रायव्हर खुर्चीसोबत फोटो काढून घेऊन, पाठ चोळत खाली गेले.

समितीत एक जागा पालकाची होती. तीन वर्षं ती रिकामी होती, कारण अर्ज स्वतः वर आणून द्यायचा असा नियम होता. मीरिमनं अर्ज केला तो एकाच कारणानं. तिच्या घरासमोर नवी शाळा बांधून तयार होती. पहिलीचा वर्ग वर, बावीस पायऱ्यांवर. लिफ्ट नाही, रॅम्प नाही. शाळा सगळ्या मुलांना सोयीची आहे असा दाखला समितीनं दिला, की ती तशीच उघडणार. मग अलीनूरला घरी शिकवायला बाई येणार, मंगळवारी आणि शुक्रवारी, दीड-दीड तास. बाकीचे दिवस त्यानं खिडकीतून शाळा बघायची.

अध्यक्ष तोक्तोसुन बाइकेंनी अर्ज हातभर लांब धरून वाचला.

“अडचणी लिहिल्यास. पहिली कुठली?”

“हाच जिना, बाइके,” मीरिम थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली.

“पण तू आलीस ना वर?”

“चौघांनी उचलून आणलं.”

“म्हणजे आलीस!” अध्यक्ष खूश झाले. “सिर्गा, लिही. खुर्चीतला मुलगा तिसऱ्या मजल्यावर विनाअडथळा पोहोचला.”

सिर्गानं लिहिलं. ती सगळंच लिहायची. सभेत कुणी शिंकलं तरी लिहायची, आणि पान भरलं की लगेच शिक्का मारायची.

अर्ज एकच होता, त्यामुळे निवड चुरशीची झाली नाही. मीरिम सदस्य झाली. चहा ओतून व्हायच्या आत शाळेचा दाखला तिच्यापुढे सरकला. खाली तीन सह्या होत्या, चौथी जागा पालकाची.

“कर सही. पहिलं शुभकार्य.”

“तिथे रोज कोण उचलणार, बाइके?”

“बाप आहेत, मास्तर आहेत. माणसं काय संपली? अगं, वेळ आली तर मी स्वतः उचलीन! लिही गं, सिर्गा.”

सिर्गानं लिहिलं. पान भरलं. शिक्का बसला.

“आणि जमत नसेल तर तसं सांग,” अध्यक्षांचा आवाज जरा उतरला. “जागा तीन वर्षं रिकामी होती, आणखी तीन राहील. दाखला काय, तुझ्यावाचूनही जातो.”

मीरिमनं पेन हातात घेतलं आणि सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं. जिथे जाईल तिथे ती आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. खाली तिन्ही गाड्या एकापाठोपाठ फाटकातून निघाल्या होत्या. कुबात किल्ल्या दुसऱ्या पहारेकऱ्याला देत होता. त्या दुसऱ्याच्या कमरेला पाठदुखीचा रुंद पट्टा होता.

“करते,” ती म्हणाली. “पण खाली गेल्यावर. पोरगा कंटाळलाय.”

अध्यक्षांना घाईच होती. सहा वाजता भाच्याच्या लग्नात त्यांना आशीर्वाद द्यायचा होता. “बोलवा कुबातला.”

सिर्गा दारातून डोकावून आली. “अशर घरी गेलं, बाइके.”

शेवटी दोघा सदस्यांनी मागून धरलं आणि अध्यक्षांनी पुढून. उतरताना सगळा भार पुढच्यावर येतो, हे त्यांना पाचव्या पायरीवर समजलं. दहाव्या पायरीवर टाय सैल झाला. तेराव्या पायरीवर त्यांची फेल्टची टोपी पडली आणि एकटीच, विनाअडथळा, खाली पोहोचली. या वेळी मीरिमचे हात नुसते पसरलेले नव्हते. एक दांडा तिनं घट्ट धरला होता.

दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकली आणि अध्यक्ष पायरीवर बसले.

“कुणी बांधला हा जिना!”

“लिहू, बाइके?” सिर्गानं वही उघडली.

“लिहू नकोस! आणि ते मघाचं… मी उचलीन म्हणालो, ते खोड.”

“शिक्का बसलाय.”

मीरिमनं दाखला खुर्चीच्या हातावर पसरला आणि पेनचं टोपण काढलं.

“शाळा एक सप्टेंबरला उघडते, बाइके. आठला चढवायचं, बाराला उतरवायचं. रविवारी सुट्टी. सही इथेच ना?”

“सही करू नकोस! दाखला थांबवा!” अध्यक्ष ओरडले.

तीन वर्षांत समितीनं मुलांसाठी घेतलेला तो पहिला निर्णय होता. मागच्या दोघांनी एक हात कमरेवरच ठेवून दुसरा वर केला, आणि सिर्गानं लिहिलं: एकमताने.