एक मीटर सत्तर

मुनव्वरभाईंच्या प्लास्टिकच्या खुर्चीला मागच्या पायाशी बोटभर भेग गेली आहे. आठवड्यातून तीनदा त्यांच्या अम्मींना तिच्यावर बसवून डायलिसिससाठी कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत उचलून नेतात. हमरस्ता खोदकामासाठी बंद झाल्यापासून परक्या गाड्या आमच्या गल्लीत लागतात, म्हणून महापालिकेसाठी निवेदन मी लिहिलं. गल्ली टेपनं मोजली: दोन मीटर नव्वद. माझी दारातली गाडीच एक मीटर सत्तर. परक्या गाड्या हलल्या तरी उरलेल्या जागेतून रिक्षा जाणार नाही. गाडीचं माप मी निवेदनात घातलं नाही, महिनाभर गप्प राहिले. गल्लीतली निम्मी मुलं माझ्या हाताखाली शिकलेली. मला कोण बोलणार? आज सह्यांसाठी सगळे जमले. “पावण्यांच्या चाकांची हवाच सोडूया की!” शेजारचे बाळासो ओरडले. मुनव्वरभाईंनी पेन उघडलं. “मॅडम, सही कुठं मारू?” “थांबा. रिक्षा माझ्याच गाडीनं अडते. मी गाडी विकतेय.”