टेंबलाईच्या पायरीवर

“मानाची घागर औंदा अंबूबाईच्या घरात दिली हाय, शालूबाई,” बाळासो आण्णा म्हणाले आणि उगाच नदीकडं बघत राहिले. गल्लीचे कारभारी ते, उभ्या जन्मात कुणाला भ्यालेले नव्हते. पण आज शालूबाईच्या डोळ्याला डोळा द्यायचं त्यांच्याच्यानं होईना.

आषाढातला शुक्रवार होता. पंचगंगेला नवं तांबडं पाणी आलेलं. मंगळवार पेठेतली सगळी गल्ली घाटावर उतरली होती, पी-ढबाक बाजा वाजत होता. हे पाणी घागरीत भरायचं, वाजत-गाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवीच्या पायरीवर ओतायचं. सगळ्यांच्या पुढं गल्लीची मानाची घागर. ती आधी शालूबाईच्या सासूनं वाहिली, मग सासूनंच आपल्या हातानं शालूबाईच्या डोईवर ठेवली. आज शालूबाई ती आपल्या सुनेच्या डोईवर ठेवणार होती. त्यासाठी तर नव्या सुनेला, शेवंताला, हिरवंगार लुगडं नेसवून पहाटेच माळावरनं चालवत आणली होती!

“माझ्या घरातला मान तो, आण्णा. काय वंगाळ केलं म्या?”

“वंगाळ काय न्हाई गं. पण ज्याची चूल गल्लीत, त्याची घागर. तुमची चूल गेली की माळावर.” आण्णांचा आवाज खाली आला. “राग धरू नगंस. सांच्याला जत्रेच्या मटणाचा वाटा न्यायला ये. तू काय परकी हाईस व्हय?”

परकी न्हाई म्हणे! हातातला मान काढून घ्यायचा आणि वर मटणाचा वाटा दाखवायचा. शालूबाईच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

माळावर जायची तिला तरी कुठं हौस होती? संस्थान मोडलं, सरकार आलं, आणि शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत धन्याला बैठं घर मिळालं, म्हणून गेली. घर चांगलं, कौलं नवी, पण दाराबाहेर नुसता वारा भणाणतोय. पेठेत कसं, भाकरी थापता थापता भिंतीपलीकडच्या चुलीशी बोलता यायचं. एकीचं कालवण करपलं तर दुसरी न मागता वाटी आणून ठेवायची. माळावरची सगळी माणसं अशीच, पेठापेठांतनं उठून आलेली. जत्रेदिवशी वसाहतीला कुलपं आणि जो तो आपापल्या जुन्या गल्लीत. टेकडी वसाहतीच्या पाठीला लागून, आणि देवीला पाणी न्यायला वसाहतीतलं एक माणूस न्हाई, काय म्हणावं याला!

शालूबाईनं सुनेचा दंड धरला आणि तरातरा घाटाच्या पार टोकाला गेली. मान गेला तरी दोघींच्या काखेत आपापल्या घागरी होत्याच. तिथं बुधवार पेठेतल्या बायकांच्या मागं, शेपटाला, तिला धोंडुबाई दिसली. माळावरची शेजारीण.

“तुला बी मागं सारलं व्हय?”

धोंडुबाईनं नुसतं नाक ओढलं. तिच्या पलीकडं माळावरचीच तानाबाई, तिचीही तीच गत. आणि पायरीवर बाजूला उभ्या होत्या कालिंदीताई, वसाहतीतल्या मास्तरांच्या बायको, माहेर कुरुंदवाडचं. त्या आपल्या हातात तांब्या घेऊन गंमत बघायला आलेल्या.

“मास्तरीणबाई, तो तांब्या भरा आन् चला,” शालूबाई म्हणाली.

“अहो, पण आमच्यात ही चाल नाही...”

“माळावर अजून कुणाच्यातच कसली चाल न्हाई. चला!”

घागरी भरून पाचजणी वसाहतीच्या नावानं निघाल्या. ना बाजा, ना गुलाल, नुसती पैंजणं आणि वहाणा. रस्त्यात पोरं खिदळली. कुणीतरी ओरडलं, “आरं, ही बिनबाजाची गल्ली कुठली रं?”

“टेंबलाईच्या शेजारची!” शालूबाई गरजली. पोरं गप झाली. आण्णांच्या मिरवणुकीला मागं टाकून ती पुढं गेली, वळून सुद्धा बघितलं न्हाई.

पाणी ओतताना गल्लीचं नाव घ्यायचं, तिला सुखी ठेव म्हणायचं, असं शालूबाईला सासूनं शिकवलं होतं. वाटेत तिनं साऱ्याजणींना ते पढवलं. वसाहतीचं नाव चांगलं ठणकावून घ्यायचं, आण्णांच्या कानावर गेलं पाहिजे!

टेकडीवर पोचल्यावर पहिली शालूबाईच. पायरीवर घागर कलती केली, डोळे मिटले, पाण्याचा आवाज झाला आणि तिच्या तोंडून निघालं,

“आई, आमच्या मंगळवार पेठेवर नजर ठेव. लेकरंबाळं सुखी ठेव.”

तिनं जीभ चावली. पण पाणी तर ओतून झालं होतं, देवीनं ऐकलं होतं. मागनं धोंडुबाई पुढं झाली. तिनं बुधवार पेठेचं नाव घेतलं. तानाबाईनं आपल्या गल्लीतल्या पिंपळाचं सुद्धा नाव घेतलं आणि हुंदका दिला. कालिंदीताईंनी तांब्या हळूच उपडा केला. “कुरुंदवाडच्या घाटावर सगळे बरे असू देत गं,” म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. कुणी कुणाला हसलं न्हाई. कुणी कुणाकडं बघितलं सुद्धा न्हाई.

राहिली शेवंता. सगळ्यात मागं उभी होती ती. पुढं आली, दोन्ही हातांनी घागर धरली आणि एक थेंब बाहेर न सांडता पायरीवर ओतली.

“आई, माळावरच्या आमच्या वसाहतीला सुखी ठेव.”

शालूबाई सुनेकडं बघतच राहिली. “आमच्या एकीच्या बी तोंडात आलं न्हाई गं. तुला कसं आलं?”

शेवंतानं डोईवरचा पदर सारखा केला.

“मला कुठं दुसरी गल्ली हाय, आत्याबाई? मी तर माळावरच नांदायला आलिया.”