आत्ताच इकडून गेली

मांजर कुठल्या रंगाची, हे फतूह न्हाव्याला ठाऊक नव्हतं. ती कुठे गेली, हे मात्र अगदी पक्कं ठाऊक होतं.

"आत्ताच इकडून गेली! मशिदीच्या मागे. केशरी ना?"

"करडी," इनशिराह म्हणाली.

"अगं, तेच म्हणतोय. करडीच. उन्हात केशरी दिसते."

गिऱ्हाईकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून तो दुकानाच्या दारात आला होता आणि वस्तरा मशिदीकडे रोखून उभा होता. इनशिराहने ते इंग्रजीत सांगेपर्यंत योरिस धावलासुद्धा. सत्तरीचा माणूस, एका गुडघ्याने अधू, पायात बोटीवरच्या रबरी चपला. पण धावला.

योरिस हॉलंडचा. शिडाच्या छोट्याशा बोटीतून जग फिरणारा. बोटीवर माणूस एक आणि मांजर एक, बस्स. काल बोट सुवेझच्या धक्क्याला लागली आणि सकाळी उठून बघतो तर पिप नाही. आणि आता कालव्यातून बोट पार नेणारा पायलट कुठल्याही क्षणी येणार होता. तो आला की निघायचं. कालव्यात मध्येच थांबता येत नाही, मागे वळता येत नाही. इनशिराहची चहाची टपरी धक्क्यावरच. येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांकडून उचललेलं इंग्रजी तिच्याजवळ होतं, म्हणून उकळता चहा टाकून तीच त्याच्याबरोबर निघाली होती.

मशिदीमागे मांजरी ढिगाने होत्या. पिप नव्हती.

"तामेरच्या आई!" वर कपडे वाळत घालणारी बाई सज्जातून इनशिराहकडे बघून ओरडली. "गोऱ्याला काय हवंय?"

"मांजर हरवलीय त्याची. करडी. एका कानाचं टोक तुटलेलं."

"अगं बाई, पाहिली की! बाजाराकडे पळाली!"

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीस?"

बाई चिमटा दातांतून काढून म्हणाली, "परका माणूस आहे गं. दारात येऊन विचारतोय. त्याला नाही कसं म्हणायचं?"

इनशिराहने योरिसकडे पाहिलं. त्याला फक्त बाईचं बोट कळलं होतं. तो बाजाराच्या वाटेला लागलाही होता.

शाफेई मासेवाल्याने तर कमालच केली. "इथे बसून खाल्लं तिने! अर्धा मासा! नाव विचारलं असतं ना, तर तेही सांगितलं असतं." मग एक अख्खा मासा कागदात गुंडाळून त्याने योरिसच्या हातात कोंबला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. "हा वास दाखवा, येईल. फेरीबोटीच्या धक्क्याकडे गेलीय."

"शाफेई, देवाची शपथ घे."

"शपथ कशाला मध्ये आणतेस? पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून बोलतो माणूस."

"त्याचं मन नको सांभाळू, त्याचे पाय सांभाळ! सगळ्या गावाने मिळून नाचवलंय म्हाताऱ्याला. माहीत नाही, एवढं म्हणायला काय होतं रे तुम्हाला?"

"मग तूच सांग की. तुला येतं ना इंग्रजी?"

इनशिराह वळली. योरिस मासा छातीशी धरून उभा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि चेहरा असा, जणू पुढचा शब्द ऐकला की तो पडणार किंवा उडणार.

"काय म्हणतायत ते?"

शब्द तर अगदी सोपे होते.

"फेरीबोटीच्या धक्क्याकडे," ती म्हणाली.

तिथेही पिप नव्हती.

ते परत आले तेव्हा पायलट बोटीवर चढून घड्याळाकडे बघत होता. इनशिराहने त्याच्या हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. "भाऊ, उद्या नाही का चालणार? एक दिवस!"

"मी थांबेन हो, ताई," तो म्हणाला. चांगला माणूस होता. "मागून डोंगराएवढी जहाजं येतायत. ती थांबतील?"

एव्हाना सगळी गल्ली धक्क्यावर जमली होती. सज्जातली बाई, शाफेई, वस्तऱ्यासकट फतूह आणि त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. दोर योरिसने सोडला नाही. तो नुसता दोराकडे बघत राहिला, तेव्हा फतूहनेच खाली वाकून सोडला.

बोट धक्क्यापासून सुटली. मध्ये हातभर पाणी आलं, मग चांगलं घराएवढं. योरिस मागच्या कठड्याशी येऊन उभा राहिला आणि ओरडला. बाकी कुणाला नाही, तिलाच.

"इनशिराह! तू पाहिलीस का तिला? तू?"

इनशिराहचा हात वर गेला.

"हो! तिकडे! कोळ्यांच्या होड्यांत! जाळ्यावर झोपलीय, पोट भरून!"

"कान?"

"तुटका!"

योरिसने डोक्यावरची टोपी काढली. तिच्या बोटाच्या दिशेने तो बघत राहिला, बघतच राहिला. बोट कालव्यात शिरली, पाठोपाठ एक भलंमोठं जहाज आलं आणि त्याआड तो दिसेनासा झाला.

इनशिराहचा हात अजून वरच होता. तिच्यामागे सगळी गल्ली टाचा उंचावून होड्यांकडे बघत होती.

"कुठली गं होडी?" फतूहने हळूच विचारलं.