हिरवा चुडा

"पोरगी ढोरायची डॉक्टर होते का?" शाळेतल्या मैत्रिणींची पैज होती, म्हणून द्वारकीनं विचारून टाकलं. अंजनगावचे डॉक्टर हसले नाहीत. गोठ्यात पहिलारू कपिली गाय कण्हत होती. वासराचा पाय आत मुडपलेला, डॉक्टरांचा रुंद पंजा पोचत नव्हता. "तुझा हात बारीक आहे. घालतेस? बांगड्या मात्र नकोत." चारच दिवसांपूर्वी कासारानं तिच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा भरला होता, फोडल्याशिवाय न निघणारा. माय गरजली, "लगनाआधी चुडा फोडतं का, अवदसे?" कपिलीनं मान भुईला टेकवली. द्वारकीनं उजवं मनगट खुंट्यावर आपटलं. तेल चोपडलेला हात कोपरापर्यंत आत गेला. "खूर सापडला." "तळव्यात झाक, हळू ओढ." वासरू गवतावर घसरलं, शिंकलं. बाबा काचा वेचत म्हणाले, "उद्या कासाराले बलावतो." "नका बलावू, बाबा. पुढचा चुडा मॅट्रिक झाल्यावर भरीन. नवरदेवाकडं तसं कळवा."