गीझरवरची पाटी

बाबा नाशिकहून रियाधला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमचा गीझर खोलला. मी ऑफिसातून परतले तेव्हा ते बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसले होते, चष्मा कपाळावर, हातात टेस्टर. “नूपुर, थंड नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी येत होतं आणि गरम नळाला गार. गीझर बंद दिसला म्हणून चालू केला, तर आता दोन्हीकडून उकळतं येतंय. कॉइल बघितली, थर्मोस्टॅट बघितला, दोष काही सापडत नाही. माझं कामच विसरलो गं मी.” पस्तीस वर्षं खांबांवर चढलेला वायरमन असं म्हणाला, आणि मला माझी चूक कळली. “बाबा, दोषच नाहीये! इथे गच्चीवरची टाकी उन्हात तापते, नळाचं पाणी अंगावर घेववत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टात आम्ही गीझर बंद ठेवतो. घरात एसी असतो, त्यामुळे गीझरमध्ये साठलेलं पाणी गार होतं, त्यानं अंघोळ करतो. सांगायचं राहिलं.” ते बादलीवरून पडतील इतके हसले. हसता हसताच ओरडले, “अगं, मुद्दाम बंद केलेल्या बटणावर पाटी लावायची असते, एवढंही बापाकडून शिकली नाहीस?” संध्याकाळी बटणाला सुतळीनं पुठ्ठा बांधलेला होता: “सावधान! उन्हाळा चालू आहे. बटण दाबू नये. हुकमावरून, हरिहर, निवृत्त वायरमन.” त्यातलं ‘निवृत्त’ त्यांनी जोर लावून खोडलं होतं.