घड्याळजी पोहायला शिकतात

"पाय सोडा, काका."

"सोडले."

"काका, तुम्ही अजून उभेच आहात."

घड्याळजींनी खाली पाहिलं. खरंच, दोन्ही पाय तलावाच्या तळाला चिकटलेले आणि हातात कडेचा दांडा. दंडांना फुगे बांधलेली एक चार वर्षांची मुलगी त्यांना वळसा घालून गेली. जाताना तिने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"पाणी आपल्याला धरतं," शिकवणारी बाई म्हणाली. चाळिशीची, उन्हाने रापलेली आणि कमालीची सोशिक. "तुम्ही पाण्याला धरायला जाऊ नका."

घड्याळजींचा जन्म बारीक चिमट्याने घड्याळांची बारीक चाकं धरण्यात गेला होता. एकदम सोडा म्हटल्यावर हात ऐकणार कसे? शिवाय सातव्या वर्षी ते विहिरीत पडले होते. त्यांच्या काकांनी केसांना धरून वर ओढलं होतं. आता डोक्यावर केसही फारसे उरले नव्हते.

लग्नाला एकतीस वर्षं झाली म्हणून लेकीने आईवडिलांना या रिसॉर्टवर सात दिवसांसाठी पाठवलं होतं. दार उघडलं की पांढरी वाळू, वाळूपलीकडे निळंशार पाणी. पलंगावर रोज टॉवेलचा हंस करून ठेवलेला. पहिल्या दिवशी बायको म्हणाली होती, "अहो, हा उलगडायचा कसा? जीव होत नाही हो." शेवटी दोघांनी एकाच टॉवेलाने अंग पुसलं आणि हंस राखला.

पोहण्याच्या शिकवणीचं मात्र तिला कळू द्यायचं नव्हतं. त्यालाही जुनं कारण होतं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा समुद्रावर गेली, तेव्हा नवी नवरी साडी खोचून पाण्याकडे धावत सुटली होती. अर्ध्यावर तिने मागे वळून पाहिलं. घड्याळजी दोघांच्या चपला छातीशी धरून कोरड्या वाळूत उभे होते. ती परत आली. "मला बाई पाण्याची भीती वाटते," ती म्हणाली. घड्याळजींच्या जिवात जीव आला होता. तेव्हापासून जिथे जातील तिथे दोघं घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहायची आणि फोटो काढायची.

पण एकतीस वर्षं त्यांना एक गोष्ट डाचत होती. बायको घाबरते, आणि धीर द्यायला आपल्यापाशीच धीर नाही. परवा नाश्त्याच्या वेळी तिने त्यांच्या कपाशेजारी एक कागद सरकवला. "बघा तरी, इथे काय काय शिकवतात. चित्रकला, बुद्धिबळ, पोहणं." घड्याळजींनी कागद बघितल्यासारखं केलं आणि दुपारी गुपचूप नाव घातलं.

वेळ सोयीची होती. सकाळी नऊ ते दहा ती खोलीत झोप काढायची. त्याआधी पहाटे ती एकटीच बाहेर पडायची. "माझी वाट बघू नका. लांबवर चालून येते." आठला यायची ती न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून, आणि नाश्त्याला बसायची ती दोन आमलेटं, वर पाव, वर फळं.

"हवा मानवली तुला," घड्याळजी म्हणायचे.

"मानवली खरी," ती पावाला लोणी लावत म्हणायची.

पाचव्या दिवशी घड्याळजींच्या नाकातोंडात पाणी गेलं. ठसका लागला, डोळे लाल झाले. विहीर पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. "पुरे झालं," ते शिकवणाऱ्या बाईला म्हणाले. "म्हातारा पोपट पढत नाही म्हणतात तेच खरं."

जेवताना बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पानात वाढून घेत म्हणाली, "पुढच्या खेपेला आपण डोंगरावरच जाऊ. समुद्राचं काय, तो लांबूनही छान दिसतो. कुणी हात धरून आत नेलं असतं तर गोष्ट वेगळी."

घड्याळजींचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी नऊच्या आधीच ते तलावावर हजर होते. आणि त्या दिवशी पाय सुटले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ते गेले. वेडेवाकडे, धापा टाकत, पण गेले. फुगेवाल्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी बायकोला समुद्रावर नेलं. "इथेच थांब," असं म्हणून ते एकटेच पुढे झाले. पाणी कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. मग ते आडवे झाले आणि दहा-बारा हात मारून परत आले.

बायकोने तोंडावर हात ठेवला होता. डोळे भरून वाहत होते. "अहो! हे कधी शिकलात?"

"ते जाऊ दे. चल," त्यांनी हात पुढे केला. "घाबरायचं नाही. मी आहे ना."

ती त्यांचा हात धरून आत गेली. पहिल्या लाटेला किंचाळली, दुसऱ्या लाटेला त्यांच्या गळ्यात पडली. घड्याळजींनी तिच्या पाठीखाली हात धरला, "श्वास घे, अंग सैल सोड" म्हणून समजावलं. ती बुडाली, ठसकली, हसली, पुन्हा बुडाली. अर्ध्या तासाने ती चार पळं पाण्यावर तरंगली, तेव्हा घड्याळजी लहान पोरासारखे ओरडले, "जमलं! अगं, जमलं तुला!"

ते टॉवेल आणायला छाती पुढे काढून खोलीकडे निघाले. शिकवणारी बाई एवढा वेळ किनाऱ्यावर उभी राहून बघत होती. ती जवळ आली.

"काकू, रोज पहाटे त्या लांबच्या खडकाला वळसा घालून येता, आणि आज कमरेएवढ्या पाण्यात किंचाळत होतात?"

"हळू बोल गं," बायको खोलीच्या दाराकडे बघत म्हणाली. "एकतीस वर्षं लागली मला त्यांना पाण्यात उतरवायला."