शेजारच्या सीटखालचा पत्रा

“ब्रेक अजून उशिराच लागतोय रे,” रॅलीच्या गाडीतून उतरत इनामदार म्हणाले. आठवड्यातली ही चौथी खेप, आणि रॅली परवावर आलेली.

मी ब्रेक ऑइल बदललं होतं, हवा काढली होती, पॅड नवे टाकले होते. पेडल दगडासारखं कडक झालं, तरी यांचं एकच पालुपद: वळणावर ब्रेक उशिरा लागतो.

शेवटी वैतागून मीच शेजारच्या सीटवर बसलो. म्हटलं, चला, दाखवा उशीर. पाय टेकवले, तर उजव्या टाचेखाली पत्र्याला हा एवढा खड्डा!

“इथं कोण बसतं?”

“आता एक पगारी माणूस. गपगुमान वळणं सांगतो. आधी दहा वर्षं आमची ही बसायची. पण वळण आलं की पाय आपटायची. लक्ष जायचं माझं. यंदा सांगितलं, घरी बस.”

“वहिनींनी पाय आपटला की तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? ब्रेक दाबायचो.”

मी पान्हा पेटीत टाकला.

“ब्रेक घरी राहिलाय तुमचा. घेऊन या.”